सोळा तारखेपर्यंतचं कुंकू

विनीता नेमकं काय काम करते, हे कणकवलीत कुणाला समजावून सांगायला गेलं तर दिवस मोडतो. कागदोपत्री ती व्यवसायोपचार तज्ज्ञ. मुलांच्या सरकारी केंद्रात तिच्या खोलीवर तशी पाटीच आहे. ती पाटी वाचून दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ कुक्कुटपालनाच्या कर्जाचा अर्ज घेऊन तासभर बाकावर बसून राहिले होते. व्यवसाय म्हटलंय ना, मग कर्ज इथेच मिळत असणार! विनीतानं त्यांना बँकेची वाट दाखवली आणि दुसऱ्या दिवशी पाटीखाली स्वतःच्या हातानं लिहिलं, 'लहान मुलांचे हात'. तेव्हापासून लोक तिला हाडांची डॉक्टरीण समजतात. घ्या, आता काय करायचं ते करा.

तर ती हाडांची डॉक्टरीण नव्हे, मालीशवालीही नव्हे. जन्मताना रडली नाहीत, मेंदूला प्राणवायू कमी पडला, अशा मुलांना ती पेला धरायला शिकवते. सदऱ्याचं बटण लावायला, पेजेचा चमचा न सांडता तोंडापर्यंत न्यायला शिकवते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. हे नाव लांबलचक असलं तरी तिच्या पिशवीत निघतं काय, तर कपड्यांचे चिमटे, चवळीचे दाणे, रिकामी रिळं, नाचणीच्या पिठाचा डबा आणि एक जुना मोजा. खारेपाटणपासून खाली कणकवलीपर्यंत गावोगाव ती ही पिशवी घेऊन हिंडते. कधी केंद्राची जीप असते, नसली तर एस.टी. असतेच. बारा वर्षं झाली. नोकरी अजून कंत्राटीच, पण तो रडगाण्याचा विषय वेगळा.

ती मूळची मालवणकडच्या किनाऱ्यावरली. वडील शंकर, बोटीवर खलाशी. वर्षातले नऊ महिने समुद्रात. मुलीला मुंबईला या शिक्षणाला प्रवेश मिळाला तेव्हा ते नेमके घरी होते, आणि त्यांनी पहिलं काम केलं ते देवळात कौल लावण्याचं. गावात काही ठरवायचं तर देवाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, ही रीत. गुरव पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारला जातो, आणि मग सगळे श्वास धरून बघत राहतात. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. चेडवाला, म्हणजे लेकीला, मुंबईला धाडायचं काय, असं शंकरनं विचारलं आणि डावी कळी पडली. विनीताच्या शेजारी तिची जिवाभावाची मैत्रीण दिव्या उभी होती. तिनं विनीताचा हात घट्ट धरला. पण शंकर बारा बंदरांचं पाणी प्यायलेला माणूस. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि प्रश्न बदलला. चेडू शिकून परत हंयच येतला, हंयच्या पोरांची सेवा करतला, तर धाडूक परवानगी आसा काय? उजवी कळी टपकन पडली. कुणी याला लबाडी म्हणो. गावातले लोक म्हणतात, देवाला विचारण्याचीही एक अक्कल असते.

म्हणून विनीता परत आली. मुंबईत चांगली नोकरी समोर आली होती, तरी आली. दिव्याचं तोवर लग्न होऊन ती नांदगावला गेली होती. नवरा गोव्यात कामाला, शनिवार-रविवार घरी. घरात सासू सुभद्राकाकी आणि लग्नानंतर आठ वर्षांनी झालेला एकुलता एक मुलगा देवेश.

देवेशचा आजार पहिल्यांदा ओळखला तो विनीतानंच. पोर सहा महिन्यांचं. प्रत्येक खुळखुळ्याला डावा हात पुढे करायचं. घरातले सगळे कौतुकानं म्हणत, डावरो आसा गो, आजोबावर गेलो! विनीता हसली नाही. सहा महिन्यांचं मूल डावरं-उजवरं नसतं, ही गोष्ट तिला ठाऊक होती. तिनं त्याची उजवी मूठ उघडून बघितली तर अंगठा आत दडलेला आणि बोटं सुटेचनात. ते दिव्याला सांगताना तिला स्वतःलाच आधी रडू फुटलं. त्या दिवसापासून देवेशचा उजवा हात हे तिचं कामही होतं आणि घरचं दुखणंही.

आता थेरपिस्ट पंधरा दिवसांतून एकदा येणार, अर्धा तास बसणार. हात सुधारतो तो मधल्या चौदा दिवसांत, घरच्यांच्या हातून. हे विनीता पहिल्या वर्षीच शिकली होती. म्हणून गेल्या जूनमध्ये तिनं एक युक्ती काढली. प्रत्येक घरी एक कॅलेंडर दिलं. व्यायाम झाला, रात्री स्प्लिंट घातलं, की त्या तारखेवर ओल्या बोटानं कुंकवाचा ठिपका लावायचा. पेन शोधायला नको, लिहिता यायला नको. देवापुढे दिवा लावताना एक बोट कुंकवात बुडतंच, तेच पुढे न्यायचं. बायकांना हे एकदम आवडलं. वरिष्ठांनीही कौतुक केलं. पुढे हीच युक्ती तिच्या गळ्याशी आली, पण तेव्हा तिला ती आपली अक्कल वाटत होती.

स्प्लिंट म्हणजे हाताच्या मापाची प्लास्टिकची खोळ. गरम पाण्यात मऊ करून विनीता ती स्वतः मुलाच्या हातावर घडवते. आणि तो जुना मोजा? तो चांगल्या हातासाठी. रोज तासभर चांगला हात मोज्यात घालून बांधून टाकायचा, म्हणजे नाइलाजानं दुबळा हात कामाला लागतो. मूल चिडतं, रडतं, आदळआपट करतं. करू द्यायची. दुबळ्या हातानं पहिला चिमटा उघडला की तेच मूल सगळ्या घराला तो दाखवत फिरतं. विनीतानं हे शंभर वेळा पाहिलं होतं.

दिव्याच्या घरी कॅलेंडर माजघरात, घड्याळाखाली लावलेलं. एका सोमवारी विनीता यायची, एक सोडून पुन्हा यायची, आणि दर वेळी बघायची तर एकही तारीख रिकामी नाही. जून भरलेला, जुलै भरलेला. ऑगस्ट, सप्टेंबर, सगळे लाल. तिचा ऊर भरून यायचा. सुभद्राकाकी तिच्यासाठी घावणे करायच्या, जाताना पिशवीत कोकमाची सोलं नाहीतर शहाळं टाकायच्या. केंद्रातल्या सभेत विनीतानं या घराचं उदाहरण देऊन इतर आयांना सांगितलं, असं करा.

खरं तर सप्टेंबरनंतर देवेशचं कोपर आखडत चाललं होतं. तिच्या बोटांना ते कळत होतं. पण डोळ्यांपुढे कॅलेंडर होतं ना! पोर उंच झालं, हाड वाढलं, स्नायू मागे राहिला, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. बारा वर्षांच्या बोटांवर तिनं कुंकवापेक्षा कमी विश्वास ठेवला. चूक कुठे झाली म्हणाल तर इथे.

डिसेंबरात केंद्राला कळवण्यात आलं की जानेवारीत बाहेरून एक डॉक्टर शिबिराला येणार आहेत. आखडलेला स्नायू तीन-चार महिने सैल ठेवणारं एक इंजेक्शन असतं. बाहेर घ्यायचं म्हणजे गरिबाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हे, शिबिरात फुकट. पण मोजकीच. विनीताच्या भागाला एकच जागा आली, आणि त्या एका जागेसाठी मुलं दोन. एक साडेचार वर्षांचा देवेश. दुसरी खारेपाटणची तन्वी, वय तेच, कोपर तसंच. तन्वीची आई नर्मदा काजूच्या कारखान्यात जायची, नवरा नव्हता. हे इंजेक्शन पाच वर्षांच्या आत लागलं तर लागलं, नंतर स्नायू दोरीसारखा होतो आणि शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही.

मैत्रिणीच्या मुलाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून विनीतानं दोनदा विचार केला. दोन्ही घरची कॅलेंडरं मागवून टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली. देवेशचं भरगच्च लाल. तरीही हात आखडतोय, म्हणजे घरचे जीव तोडून करतायत आणि स्नायूच दाद देत नाही. इंजेक्शनची गरज यालाच. तन्वीच्या आठवड्यात चार ठिपके, तीन तारखा कोऱ्या. म्हणजे इथे अजून व्यायामालाच वाव आहे, आणि इंजेक्शननंतर रोजचा व्यायाम झाला नाही तर ते मातीत जाणार. किती रास्त विचार! परीक्षेत लिहिला असता तर पैकीच्या पैकी मिळाले असते. तिनं यादीवर देवेशचं नाव लिहून सही केली आणि नर्मदाला फोन करून सांगितलं की पुढच्या वेळी बघू.

सात जानेवारीला देवेशला इंजेक्शन मिळालं. तीन आठवडे प्लास्टर. महिनाअखेरीस ते काढलं तेव्हा कोपर चक्क सरळ होत होतं. दोन फेब्रुवारीच्या सोमवारी विनीतानं दिव्याला बसवून सांगितलं की हे तीन महिने सोन्याचे आहेत, औषधानं दार उघडलंय, आता रोज आत शिरायचं. दिव्यानं मान डोलावली. काकींनी घावणे वाढले. पुढची खेप सोळा तारखेला.

बारा तारखेला, गुरुवारी, केंद्राची जीप फोंड्याच्या शाळेत तपासणीला निघाली होती. नांदगावच्या तिठ्यावर चाक बसलं. ड्रायव्हर म्हणाला अर्धा तास जाईल. विनीतानं विचार केला, दिव्याकडे चहा घेऊन येऊ. न सांगता ती त्या घरी कधी गेली नव्हती. पण ते काय परक्याचं घर होतं?

पडवीत देवेश खेळत होता. डाव्या हातानं. मोजा नाही, स्प्लिंट नाही; उजवा हात कोपरात मुडपून छातीशी धरलेला. विनीताला वाटलं, नुकताच सोडला असेल. ती आत गेली. दिव्या मागल्या दारी होती. काकी देवापाशी होत्या, त्यांना दिसली नाही. सवयीनं विनीताची नजर घड्याळाखाली गेली.

आज बारा तारीख. ठिपके सोळापर्यंत लागले होते.

तिनं पुन्हा मोजलं. बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा. पाचही ठिपके एकाच बोटाचे, एकाच ओलीचे, सुकून एकसारखे झालेले. सोमवारी ती येणार म्हणून सोमवारपर्यंतचं काम कुणीतरी एका बैठकीत आटोपून टाकलं होतं. ओरडावं की बसावं हे सुचेना. जून, जुलै, तो सगळा लाल डोंगर तिच्या डोळ्यांसमोर एका क्षणात ढासळला, आणि त्याच्यामागे टेबलावरचं दुसरं कॅलेंडर उभं राहिलं.

दिव्या आत आली आणि तिला बघून जागीच थिजली. विनीतानं ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"कधीपासून?"

दिव्यानं खाली बघितलं. "चतुर्थेपासून."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जून-जुलैत दिव्यानं खरोखरच केलं होतं, इमानानं. चतुर्थीला मुंबईहून दीर-जावा आले, घर पाहुण्यांनी भरलं. देवेशचा चांगला हात मोज्यात बांधलेला, तो मोदकासाठी रडतोय, आणि जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, ह्या काय गो, धडको हात बांधून ठेवतास? सुभद्राकाकींच्या ते काळजाला लागलं. पाहुणे गेल्यावर त्यांनी देवळात जाऊन कौल लावला. विचारलं काय? नातवाचो बरो हात बांधून तेका रडवूचो काय? आता बोला! असं विचारल्यावर देव तरी दुसरं काय म्हणणार? डावी कळी पडली. त्या दिवसापासून मोजा बंद, व्यायाम बंद, सगळंच बंद. एकदा नाही म्हटलं की नाही.

आणि विनीताला हे सांगायचं कसं? ती इतक्या लांबून येते. इतक्या मायेनं करते. तिच्या तोंडावर नाही म्हणायला जीभ उचलेना. भीड पडली. म्हणून ठिपके. ती येणार त्या सोमवारी सकाळी काकी बसून पंधरा दिवसांचे लावून टाकायच्या. या खेपेला सोमवारी घरात पूजा होणार होती, म्हणून आधीच हात फिरवला.

काकी देवापासून उठून आल्या होत्या. त्यांना वाटलं विनीताला तिच्या स्प्लिंटची काळजी लागलीय. लगबगीनं त्यांनी शोकेस उघडलं. लग्नाच्या फोटोशेजारी, पारदर्शक पिशवीत गुंडाळलेलं स्प्लिंट ठेवलं होतं. काकींनी ते दोन्ही हातांनी बाहेर काढून दाखवलं.

"बघ बाय, एक चरो पडूक देवक नाय."

खरंच एकही चरा नव्हता. विनीतानं ते स्प्लिंट घडवताना स्वतःची बोटं भाजून घेतली होती. तिला वाटलं होतं, रोज रात्री ते देवेशच्या हातावर असेल. तिच्या मायेची ही माणसं पूजा करत होती आणि तिचं एक अक्षरही ऐकत नव्हती. शत्रूनं फसवलं तर माणूस चार शिव्या घालून मोकळा होतो. इथे शिव्या कुणाला घालणार? घावणे वाढणाऱ्या हाताला?

तिला देवाचा राग आला नाही. देवाला जे विचारलं त्याचं उत्तर त्यानं दिलं. तिला राग आला तो दिव्याचा, आणि असा आला की आवाज चिरकला.

"माझ्या कौलाक तू उभी हुतंस ना गो माझ्या बाजूक? प्रश्न बदलून इचारतत, ता तू तुझ्या डोळ्यांनी बघलंस. माका एक फोन केलो असतंस तर मी तुमच्याबरोबर देवळात येवन उभी रवलंय असतंय. कित्याक सांगूक नाय?"

दिव्यानं काकींच्या हातातलं स्प्लिंट घेऊन शोकेसमध्ये परत ठेवलं. मग म्हणाली, "तू आता मॅडम झालंस. मॅडमक कौलाचा कसा सांगतले?"

हे एकच वाक्य विनीताला त्या दिवशी सगळ्यांत जास्त लागलं. मुंबई सोडून ती परत आली होती ती कुणाची मॅडम व्हायला नव्हे. गेली चार वर्षं त्या घरात तिच्याशी बोलत होते ते सगळे मॅडमशी बोलत होते, आणि ती मात्र मैत्रिणीच्या घरी जात होती. चहा तसाच राहिला. तन्वीचं नाव तिनं तिथे काढलं नाही. काढलं असतं तर दिव्या रडली असती, आणि मग तिची समजूतही विनीतालाच घालावी लागली असती. तेवढं तिच्यात उरलं नव्हतं. जाताना तिनं फक्त एवढंच सांगितलं की या रविवारी पुन्हा कौल लावा, आणि विचारा की नातवाला स्वतःच्या हातानं जेवता यावं म्हणून हे औषधपाणी चालू ठेवायला परवानगी आहे का. काकी म्हणाल्या, तू येशील काय गाऱ्हाण्याक? विनीता नाही म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिनं शिबिराच्या डॉक्टरांना फोन करून होतं ते सगळं सांगितलं. एखादी जागा मधे निघेल का, दुसरीकडून काही होईल का, तिनं पदर पसरल्यासारखं विचारलं. ते रागावले नाहीत. पुढचं शिबिर पुढच्या जानेवारीत, त्याआधी काही माझ्या हातात नाही, असं म्हणाले. मग म्हणाले, मॅडम, यादी तुम्हीच केली होती. तेही मॅडमच म्हणाले.

रविवारी कौल झाला. उजवी कळी पडली. सोमवारी विनीता गेली तेव्हा मोजा चढलेला होता, देवेश भोकाड पसरून रडत होता, आणि काकी कानांत बोटं घालून पण निर्धारानं बसल्या होत्या. पोराचं कोपर सुटत होतं. ते बघून तिला आनंद झाला नाही असं नाही. पण त्या आनंदात कडू काहीतरी विरघळलेलं होतं. ज्यांनी फसवलं त्यांचं भलं होणार होतं, आणि तिला ते भलं स्वतःच्या हातांनी करायचं होतं. तिनं अर्धा तास नीट काम केलं, घावण्याला हात लावला नाही, आणि निघाली. दिव्या दारापर्यंत आली होती.

बुधवारी तिची खारेपाटणची खेप.

जायलाच नको, असं तिच्या मनात दहा वेळा येऊन गेलं. नर्मदाला यातलं काही माहीत नव्हतं आणि न सांगता चालण्यासारखं होतं. पुढच्या वेळी बघू, एवढं तर सांगून झालंच होतं. पण मग तिच्यात आणि दिव्यात फरक काय राहिला असता? सकाळच्या एस.टी.नं ती उतरली आणि घाटीखालच्या नर्मदाच्या घरी पोचली. कारखान्यात जायला अजून वेळ होता. नर्मदा चुलीपुढे होती. काजूच्या चिकानं तिच्या बोटांची सालं गेलेली, नेहमीसारखी. तन्वी दाराशी चवळीचे दाणे उचलून वाटीत टाकत होती, उजव्या हातानं. खांद्यापासून अख्खं अंग वळवून, कारण कोपर सुटत नव्हतं.

विनीतानं जमिनीवर बसून सगळं सांगितलं. नाव कुणाचं घेतलं नाही, पण काही लपवलंही नाही. जागा एकच होती. दोन कॅलेंडरं समोर ठेवली होती. भरलेलं खोटं निघालं. निवड तिनं केली होती, तिच्या सहीनं.

नर्मदानं हातातलं काम थांबवून ऐकून घेतलं. ती भांडली नाही, रडली नाही. तिचा आवाजही चढला नाही.

"मॅडम, कॅलेंडर दिल्यात तेवा तुमी काय बोलल्यात? नाय जमला तर तारीख रिकामी ठेवा, मी रागावचंय नाय. मी ठेवलंय. तुमी रागावल्यात नाय ता खरा." तिनं तन्वीकडे बघितलं. "पण नाव काढल्यात."

विनीतानं मान वर केली नाही. तिला त्या आठवड्यात पहिल्यांदाच स्वतःचा राग आला. दिव्याच्या रागाहून तो वेगळा होता आणि त्याला कुठे ठेवावं हे तिला कळेना. खरं बोलणाऱ्या एकट्या बाईला तिनं खरं बोलल्याची शिक्षा दिली होती. चार दिवस खरोखर काम झालेली मुलगी तिनं शून्य दिवसांच्या मुलाखाली घातली होती.

बाहेर कुणीतरी नर्मदाला हाक मारली. कारखान्याच्या बायका निघाल्या होत्या. तिनं पुढं व्हा म्हणून सांगितलं, डबा भरला, पदर खोचला. मग तन्वीच्या शेजारी बसली, तिच्या केसांतून हात फिरवला आणि विचारलं, "म्होरच्या वर्षी दिलास तर तितकाच बरा जातला मा?"

विनीताच्या जिभेवर होय आलं. अगदी टोकावर आलं. नर्मदा कामावर जाणार, दिवसभर बोटं सोलून घेणार, तेवढा दिवस तरी बरा जाईल. एक होय म्हटलं तर कुणाचं काय बिघडतंय? भीड पडते ती अशीच पडते, माया आली की पडते. दिव्याला काय वाटलं असेल ते विनीताला तेव्हा, त्या चुलीपुढे, पहिल्यांदा नीट कळलं. कळलं म्हणून माफ झालं असं नाही.

"नाय," ती म्हणाली. "तितका बरा जावचा नाय. उशीर झालेलो आसा."

नर्मदानं तन्वीला उचलून विनीताच्या मांडीवर बसवलं, डबा घेतला आणि कामाला गेली.